हात सोडण्याचे दोन प्रकार

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त पोहायला घाबरणारा श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. हा प्रसंग वाचून मराठी वाचकाला आईचा राग येत नाही, उलट डोळे भरून येतात. याचे कारण कथेच्या रचनेत आहे. गोष्ट सांगणारा स्वतः श्याम आहे. तो मोठा झाला आहे, त्याला पोहता येते, आणि आईने त्या दिवशी केले ते माझ्या भल्यासाठीच होते अशी साक्ष तोच देतो. मुलाची साक्ष हाती असल्यामुळे आईच्या सक्तीचा हिशेब मागण्याची वेळ आपल्यावर येत नाही. १९३५च्या या पुस्तकाने आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाने आईकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्याला दिली, तिचा पाया ही साक्ष आहे.

पण मुलगा अशी साक्ष देऊच शकत नसेल तर? 'मला धावायचे आहे' आणि 'मला धावायचे नाही' यांतला फरक त्याला शब्दांत सांगता येत नसेल, तर आईची जिद्द कोणत्या कसोटीला लावायची? २००५ सालचा 'मॅरेथॉन' हा कोरियन चित्रपट या प्रश्नावर उभा आहे. स्वमग्न मुलाने बेचाळीस किलोमीटर धावून दाखवले एवढीच त्याची गोष्ट मानली, तर तो प्रेरणादायी चित्रपटांच्या रांगेत जाऊन बसेल आणि तिथेच विसरला जाईल. माझ्या मते तो आईच्या प्रेमाची चिकित्सा करणारा चित्रपट आहे, आणि आईवर तसूभरही अन्याय न करता त्याने ती केली आहे. या दोन गोष्टी एकत्र क्वचितच साधतात.

खरा धावपटू आणि पडद्यावरचा

चित्रपटामागे खरी माणसे आहेत. बे ह्यंग-जिन हा १९८३ साली जन्मलेला स्वमग्न तरुण २००१च्या चुंचॉन मॅरेथॉनमध्ये धावला आणि २ तास ५७ मिनिटे ७ सेकंदांत त्याने ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साधारण ४ मिनिटे १२ सेकंद. हौशी धावपटूंच्या जगात तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवणे हे वर्षानुवर्षे सराव करूनही बहुतेकांना न गाठता येणारे शिखर आहे. चुंचॉनची शर्यत अपंगांसाठी राखीव नव्हती. तो सर्वांबरोबर, सर्वांच्या घड्याळावर धावला. पुढच्याच वर्षी त्याने पोहणे, सायकल आणि धावणे अशी 'आयर्नमॅन' अंतराची ट्रायथलॉनही पूर्ण केली. त्याची आई पार्क मी-ग्यंग यांनी मुलावर पुस्तक लिहिले आणि त्यांच्या हकिकतीवरून दिग्दर्शक जंग यून-चुल यांनी आपला हा पहिला मोठा चित्रपट उभा केला.

पडद्यावर मुलाचे नाव चो-वॉन आहे, वय वीस. चो सुंग-वू या अभिनेत्याने तो साकारला आणि किम मी-सुक यांनी आई. कोरियात ५० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी हा चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेपाच कोटींच्या घरात होती. त्या वर्षीच्या ग्रँड बेल पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि नायकाला अभिनयाचे पारितोषिक मिळाले.

कथा थोडक्यात अशी. चो-वॉनला झेब्रे आवडतात, चोको पाय आवडते, आणि धावणे आवडते, किंवा आवडते असे आई मानते. घरात वडील दुरावलेले आहेत, धाकटा भाऊ सगळे पाहतो आणि आतल्या आत कुढतो. एके काळी बोस्टनची शर्यत जिंकलेला एक प्रशिक्षक दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल समाजसेवेची शिक्षा भोगायला चो-वॉनच्या विशेष शाळेत येतो. आई त्याला गळ घालते: माझ्या मुलाला तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळायला शिकवा. या प्रशिक्षकाला सुरुवातीला ना मुलात रस असतो, ना कामात. नेमका हाच माणूस पुढे आईला तो प्रश्न विचारतो जो घरातल्या कुणी विचारलेला नसतो: त्याला धावायचे आहे की तुम्हाला? तुमच्याशिवाय तो जगू शकत नाही, की त्याच्याशिवाय तुम्ही?

आईवरचा जुना आरोप

हा प्रश्न इतका जिव्हारी का लागतो हे समजायला स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास पाहावा लागतो. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकात वेगळी नोंदवली. मुलांच्या नोंदी बारकाईच्या होत्या. पण त्यांनी पालकांच्या थंडपणाविषयीही लिहिले, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या शेऱ्याने उच्छाद मांडला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७च्या आपल्या पुस्तकात मुलाच्या स्वतःत मिटून जाण्याचा संबंध आईच्या नकाराशी जोडला. जगभरच्या दवाखान्यांत आयांना मान खाली घालून हे ऐकावे लागले. खरे तर त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी या अवस्थेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असा पुराव्यांसह युक्तिवाद केला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसू लागला. आईच्या मायेचा या अवस्थेच्या कारणांशी संबंध नाही, हे आज निर्विवाद आहे.

कोरियात या आरोपाला एक वेगळेच वळण मिळाले होते. मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलीचे वडील आहेत, आपल्या २००७च्या पुस्तकात ते नोंदवले आहे. स्वमग्नतेचे निदान म्हणजे रक्तात दोष, म्हणजे बाकीच्या भावंडांच्या लग्नात अडथळा. म्हणून कित्येक कोरियन आया डॉक्टरांकडून 'आईच्या जिव्हाळ्याअभावी झालेला विकार' हे दुसरे निदान पत्करत. त्यात दोष एकट्या आईच्या माथी येई आणि घराण्याचे नाव वाचे. कुटुंबासाठी खोटा गुन्हा कबूल करावा तसे हे होते. पुढे ग्रिंकर आणि यंग-शिन किम यांच्या गटाने कोरियातील एका शहरातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत स्वमग्नतेचे प्रमाण २.६४ टक्के आढळले. त्यांतली बहुसंख्य मुले साध्या शाळांत, कोणत्याही निदानाशिवाय बसलेली होती.

घरात दुसरी मुलगी लग्नाची आहे म्हणून पहिल्या मुलाची तपासणी लांबवणे आपल्याकडेही नवे नाही. सोयरिकीच्या बोलण्यांत मोठ्या भावाचा उल्लेख टाळला जातो, फोटोत तो कडेला असतो किंवा नसतोच. या पार्श्वभूमीवर चित्रपटातली आई मुलाला रस्त्यावर, शर्यतीत, हजारो लोकांच्या नजरेसमोर आणते, तेव्हा ती आधी एक मोठी लढाई जिंकलेली असते. तिची चिकित्सा करताना हे पहिल्यांदा मान्य केले पाहिजे.

धावणेच का

चो-वॉनसाठी धावणे निवडले जाण्यात केवळ पटकथेची सोय नाही, त्याला शारीर आधार आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिन कर्न, रॉबर्ट कोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, जोमाने, सलग धावल्यानंतर मुलांच्या त्याच त्या हालचाली कमी होतात आणि शिकवलेल्या गोष्टींना ती अधिक योग्य प्रतिसाद देतात. चेंडूच्या हलक्याफुलक्या खेळाने मात्र तसा फरक पडला नाही. जपानमध्ये कियो किताहारा यांनी विकसित केलेल्या शिक्षणपद्धतीत सामूहिक धावणे हा रोजच्या दिनक्रमाचा कणाच आहे.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. धावण्यात समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचावे लागत नाहीत. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाला कर्णधाराच्या नजरेचा अर्थ लावावा लागतो, कबड्डीत चढाई करणाऱ्याचा कावा ओळखावा लागतो. धावणाऱ्याला पुढचे पाऊल टाकायचे असते. एकाच कृतीची पुनरावृत्ती, ठरलेला मार्ग, ठरलेला वेळ: वर्गात ज्याला 'हट्ट' म्हणतात तोच गुण इथे तयारीचे दुसरे नाव ठरतो. लांब पल्ल्याचे पोहणेही याच जातीचे. मुंबईची स्वमग्न जलतरणपटू जिया राय हिने फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर ८ तास ४० मिनिटांत पार केले, पुढे पाल्कची सामुद्रधुनी आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. २०२२ साली तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. पाण्यात तासन् तास एकच लय धरून ठेवणे ही सामान्य माणसाला शिक्षा वाटेल अशी गोष्ट आहे.

मात्र याच गुणाला धोक्याची दुसरी बाजू आहे आणि चित्रपटाने ती ठसठशीत दाखवली आहे. वैतागलेला प्रशिक्षक चो-वॉनला मैदानाला शंभर फेऱ्या मारायला सांगतो आणि विसरून जातो. चो-वॉन शंभर फेऱ्या मारतो. त्याला ते बोलणे चिडून केलेले आहे हे कळत नाही; शब्द म्हणजे शब्द. धापा टाकत तो प्रशिक्षकाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवतो आणि धडधड दाखवतो. अनेक स्वमग्न व्यक्तींना भूक, तहान, वेदना, उष्णता यांची शरीरातून येणारी सूचना उशिरा किंवा वेगळ्या रीतीने जाणवते. थांबायला सांगितले नाही तर ते थांबणार नाहीत. म्हणून अशा धावपटूचा प्रशिक्षक होणे म्हणजे दुसऱ्याच्या तहानेची जबाबदारी घेणे. आमच्या सोलापुरात, जिथे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि सकाळी आठलाच डांबर तापते, हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. इथे कुणी अशा मुलाला धावायला नेणार असेल, तर पाणी कधी प्यायचे हे तहानेवर न सोडता घड्याळावर सोडावे लागेल.

दोन वाक्ये

चो-वॉन स्वतःविषयी बोलताना स्वतःचे नाव घेतो आणि त्याची बहुतेक वाक्ये आईकडून आलेली असतात. ऐकलेले जसेच्या तसे पुन्हा म्हणणे हे स्वमग्नतेचे ठळक लक्षण. पूर्वी ते निरर्थक मानून मोडून काढण्याचा प्रयत्न होई. १९८१ साली बॅरी प्रायझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी मुलांच्या अशा शेकडो उच्चारांचे विश्लेषण करून दाखवले की त्यामागे हेतू असतात: मागणी, होकार, स्वतःच्या कृतीला वळण देणे, संवादात आपली पाळी राखणे. उसने वाक्य वापरून स्वतःचे म्हणणे मांडता येते.

'मॅरेथॉन'ची पटकथा या तत्त्वावर रचली आहे, आणि माझ्या दृष्टीने तिचे सर्वांत मोठे कौशल्य यातच आहे. आईने मुलाला दोन वाक्ये दिली आहेत. एक लोकांसाठी: आमच्या मुलाला अपंगत्व आहे. रोजच्या भांडणांत, दुकानांत, बसमध्ये तिला ते सतत सांगावे लागते. दुसरे त्याच्यासाठी. ती विचारते, चो-वॉनचे पाय? तो उत्तर देतो, लाखमोलाचे. सरावाआधी रोज घोकलेले हे सवालजवाब.

पहिले वाक्य भुयारी रेल्वेच्या स्थानकात उलटून येते. झेब्र्यासारखे पट्टे असलेला एका तरुणीचा झगा चो-वॉन हात लावून पाहतो. तिच्या सोबतचा माणूस त्याला मारू लागतो. मार खाणारा मुलगा ओरडतो: आमच्या मुलाला अपंगत्व आहे! आईची दिलगिरी मुलाच्या तोंडून येते आणि ती ऐकताना आईला कळते की आपण त्याला काय शिकवले आहे. लोकांची माफी मागण्यासाठी केलेले वाक्य त्याने स्वतःची ओळख म्हणून साठवून ठेवले आहे. इतका कठोर आणि इतका प्रामाणिक प्रसंग मी अपंगत्वावरच्या फार थोड्या चित्रपटांत पाहिला आहे.

दुसरे वाक्य शर्यतीच्या आरंभरेषेवर येते. त्याआधी आई आजारी पडून रुग्णालयात गेलेली असते आणि तिथे एक जुनी गोष्ट बाहेर येते. चो-वॉन लहान असताना प्राणिसंग्रहालयाच्या गर्दीत त्याचा हात सुटला होता. सुटला नव्हता, थकलेल्या, खचलेल्या आईने तो सोडला होता. चो-वॉनला ते आठवते आणि तो ते बोलून दाखवतो. ज्याच्याकडून साक्षीची अपेक्षा नव्हती त्याने दिलेली ही एकमेव साक्ष आहे, आणि ती आईच्या विरुद्ध जाते. श्यामच्या कथेत हे होऊच शकत नाही. आई मोडून पडते, आपण त्याला धावायला लावून आपलेच पाप धूत होतो असे तिला वाटते, आणि ती त्याचे धावणे बंद करते.

चित्रपट इथे संपला असता तर तो आईला दोषी ठरवणारा झाला असता, बेटलहाइमच्या वंशातला. पण चो-वॉन एकटाच चुंचॉनला जातो. आई धावत मागे येते, त्याचा हात पकडते, थांबवू पाहते. तेव्हा तो रोजचे सवालजवाब स्वतः सुरू करतो: चो-वॉनचे पाय? शब्द आईचेच आहेत, एकही नवा नाही. पण विचारणारा बदलला आहे. आजवर आई विचारत होती आणि तो उत्तर देत होता. आता तो विचारतो आणि उत्तर देण्याची पाळी तिची आहे. संमती कशी ओळखायची, या आपल्या पहिल्या प्रश्नाला पटकथेने दिलेले हे उत्तर आहे. मुलाकडून नवे वाक्य येण्याची वाट पाहू नये. जुने वाक्य तो कधी, कुठे, कोणाला उद्देशून वापरतो हे पाहावे. आई हात सोडते. प्राणिसंग्रहालयातला हात तिने स्वतःच्या सुटकेसाठी सोडला होता, हा त्याच्या मागणीवरून सोडते. कृती तीच, आणि दोहोंच्या मध्ये तिचे सगळे आयुष्य.

पुढची शर्यत दिग्दर्शकाने थोडी गोड केली आहे. झेब्रे, दुकानाच्या रांगा, स्थानक, पोहण्याचा तलाव अशी सगळी दृश्ये धावताना त्याच्या भोवती उमलत जातात. ते सुंदर आहे, पण आरंभरेषेच्या प्रसंगानंतर त्याची गरज नव्हती. मला त्याहून मोलाचे वाटते ते चोको पायचे: थकून बसलेल्या चो-वॉनला वाटेत ते मिळते, तो उठतो, आणि धावता धावता ते हातातून टाकून देतो. वर्षानुवर्षे बक्षीस म्हणून दिल्या गेलेल्या खाऊशिवाय तो धावतो आहे, म्हणजे धावणे हेच आता त्याचे आहे.

मराठी पडद्यावर

आपल्याकडे हा विषय अगदीच अस्पर्श नाही. संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) मध्ये दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांडे यांची आई आजही मराठी प्रेक्षकांच्या मनात आहेत. पण त्या आईचे प्रेम चित्रपट गृहीत धरतो. प्रश्न समाजाला विचारलेले आहेत. महेश लिमये यांचा 'यलो' (२०१४) खेळाच्या दृष्टीने 'मॅरेथॉन'च्या सर्वांत जवळ आहे. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, तिला घेऊन वेगळी राहणारी आई (मृणाल कुलकर्णी), कठोर प्रशिक्षक (उपेंद्र लिमये). राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि गौरीचा विशेष उल्लेख झाला. कोरियन चित्रपटाहून एका बाबतीत 'यलो' पुढे आहे: मोठेपणीची गौरी स्वतः गौरीनेच साकारली, उसन्या अभिनेत्याने नव्हे. मात्र त्यामुळेच आईच्या निर्णयांविषयी शंका घेण्याची जागा उरत नाही. पोहताना हसणारी गौरी समोर दिसते आणि श्यामसारखीच साक्ष मिळून जाते.

सोलापूरकरांना यात एक नाव आपलेसे वाटेल. अतुल कुलकर्णी सोलापुरात शिकले, इथल्या हौशी रंगभूमीवर घडले. 'फॉरेस्ट गम्प'वरून 'लाल सिंग चड्ढा' (२०२२) त्यांनी लिहिला. तोही धावणाऱ्या, बुद्धीने वेगळ्या मुलाचा आणि त्याच्या आईचा चित्रपट. पण लाल आपली गोष्ट रेल्वेत सहप्रवाशांना स्वतः सांगतो. आईचे म्हणणे खरे ठरले हे सांगणारा पुन्हा मुलगाच. 'मॅरेथॉन'च्या प्रश्नाशी खरे नाते आहे ते कुलकर्णींनी अभिनय केलेल्या 'देवराई'चे (२००४). सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची जबाबदारी बहीण सीना घेते, आणि सांभाळणाऱ्याचे थकणे, त्याची चीड, त्याची अपराधी भावना यांना पडद्यावर जागा मिळते. विकार वेगळा, नाते वेगळे. पण प्रेम करणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याचे धैर्य तेच.

सोलापुरातून पाहताना

चित्रपटातल्या आईकडे एक गोष्ट आहे जिचा उल्लेख समीक्षेत सहसा होत नाही: वेळ. ती दिवसभर मुलामागे असते. तिच्या त्यागाचे मोजमाप करताना हे लक्षात ठेवले पाहिजे की तो त्याग करता येणे हीसुद्धा एक ऐपत आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, पाने भिजवणे, कापणे, वळणे, आणि हजारावर मजुरी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा रे नगरात राहणाऱ्या अशा आईचे मूल स्वमग्न असेल, तर पहाटे त्याच्यामागे पार्क मैदानावर धावणारे कोण? तिचा हात मुलाच्या हातात नसतो कारण तो विडीच्या पानावर असतो. तिने मुलाला घरात ठेवले तर तिची जिद्द कमी पडली असे म्हणणे हा बेटलहाइमचाच आरोप नव्या कपड्यांत आणणे होईल.

दुसरी गोष्ट भाषेची. या शहरात घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड किंवा दखनी असे वाढणारी मुले असंख्य आहेत. बोलणे उशिरा आलेल्या मुलाच्या पालकांना 'घरी एकच भाषा ठेवा, शाळेची' असा सल्ला सर्रास मिळतो. गेल्या काही दशकांतल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषेचे नुकसान झाल्याचे आढळलेले नाही. या सल्ल्याने एक गोष्ट मात्र नक्की होते: आई स्वतःच्या भाषेत मुलाशी बोलणे थांबवते. चो-वॉनकडे आईची दोन वाक्ये होती. पद्मशाली घरातल्या आईने तेलुगू सोडून मोडक्या मराठीत मुलाशी बोलायचे ठरवले, तर त्याच्याकडे तिची कोणती वाक्ये साठतील?

आणि तिसरी, जी चित्रपटातल्या आईच्या एका इच्छेतून येते. तिला चो-वॉननंतर एक दिवस जास्त जगायचे आहे. विशेष शाळांच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पालकांत ही इच्छा कोरियन राहत नाही. 'आमच्या मागे याचे काय' हे वाक्य तिथे ऐकले नाही असे क्वचितच होते. मुलाने आधी जावे अशी कामना आईला करावी लागते, याहून एखाद्या समाजावरचा मोठा ठपका मला सुचत नाही.

आपल्या कायद्याने या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो पालकांपर्यंत पोहोचायला हवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, तोच मुळी आईवडिलांच्या पश्चात काय, या चिंतेतून. त्याच न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आली. प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टी आहे: ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० किंवा त्याहून अधिक झाल्यास स्वमग्नता. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीत या अवस्थेचा समावेश आहे. उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर आठांमागे जवळपास एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. सोलापूर जिल्ह्याच्या गावागावांत ही मुले आहेत हे गृहीत धरूनच काम करावे लागेल.

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर उभे राहिल्यावर कळते. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांच्या स्थानिक स्तर समितीपुढे जातो. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात समितीने काय विचारात घ्यावे हे सांगितले आहे. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, हा पहिला मुद्दा. असल्यास कोणत्या कामांसाठी, हा दुसरा. म्हणजे पालक नेमण्याआधी, पालक नको असण्याची शक्यता तपासणे कायद्याला अपेक्षित आहे. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात असा अर्ज घेऊन जाणाऱ्या आईने आपल्या मुलालाही सोबत न्यावे, आणि समितीने पहिला प्रश्न त्याला विचारावा. त्याचे उत्तर आईच्याच वाक्यात आले तरी ते त्याचे म्हणून नोंदवून घ्यावे.